लाय अंगावर उडाली, ठेकेदार म्हणतो कुठे लिहू नका (पादरा साइड, बडोदा) – काय करावं?

दांडियाबाजारवाला
नमस्कार मंडळी, धागा घाईत काढतोय, लिहिण्यात इकडेतिकडे झालं तर सांभाळून घ्या. माझा धाकटा भाऊ पादरा-जंबुसर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत ठेकेदाराकडून हेल्पर आहे, कंपनीचं नाव लिहीत नाही. परवा नाइटला कॉस्टिक लायचा (कॉस्टिक सोड्याचं तीव्र द्रावण) ड्रम रिकामा करताना होज निसटला नि उजव्या हातावर आणि पायावर उडालं. त्याने नळाखाली थोडा वेळ हात धरला, फर्स्ट एडच्या डब्यातलं मलम लावलं, सुपरवायझर म्हणाला ‘कशुं नथी, मलम लगाडी दे’, आणि पठ्ठ्याने शिफ्ट पूर्ण केली. घरी आला तेव्हा हात नुसता लाल होता, म्हणाला फार दुखत नाही. आज सकाळी बघतो तर घोट्याच्या वर तळहाताएवढी जागा पांढरट-करडी पडलीय आणि तिथे बोट लावलं तर त्याला कळत नाही. आई हळद-तूप घेऊन आली होती, तिला थांबवलंय.

ठेकेदाराचा फोन आला की दवाखान्यात गेलात तर घरी गरम पाण्याने भाजलं म्हणून सांगा, खर्च आम्ही देतो. पगाराच्या स्लिपवर ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) कापलेलं दिसतं. ही जखम आपोआप भरून येते का? कुठे न्यायचं? आणि ठेकेदाराचं ऐकायचं की नाही, कारण भावाला नोकरी जायची भीती आहे.

सिस्टर_रावपुरा
धागा नंतर वाचा, आधी त्याला घेऊन निघा. पांढरट, करडं, चामड्यासारखं, आणि स्पर्श कळत नाही म्हणजे खोल भाजलंय. दुखत नाही याचा अर्थ बरं आहे असा नाही हो, दुखणं कळवणाऱ्या नसाच गेल्यात तिथल्या. सयाजी हॉस्पिटलला इमर्जन्सीत न्या, सर्जन बघतील. निघण्याआधी ती जागा स्वच्छ पाण्याने सावकाश धुवा आणि कोरड्या स्वच्छ सुती कापडात सैल गुंडाळा. बोटात अंगठी, हातात कडं असेल तर काढा, सूज चढली की कापावं लागतं. हळद, टूथपेस्ट, शाई, ते जांभळं औषध, काहीही लावू नका, कातडीचा रंग झाकला की डॉक्टरला खोली कळत नाही आणि आम्हाला ते सगळं खरवडून काढावं लागतं, पेशंट ओरडतो ते वेगळंच.

आणि गरम पाण्याने भाजलं असं अजिबात सांगू नका. गरम पाण्याचं भाजणं आणि लायचं भाजणं यांची ट्रीटमेंट वेगळं वळण घेते. कोणतं केमिकल, किती टक्क्याचं, किती वाजता लागलं, किती वेळ धुतलं हे कागदावर लिहून न्या. डॉक्टर एमएलसी (मेडिको-लीगल केस) करतील, घाबरायचं नाही, ती फक्त नोंद असते. टिटॅनसचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते आईला विचारून घ्या.

दांडियाबाजारवाला
निघतो ताई. बाकी रात्री वाचतो.

रणोली_शिफ्ट
मी प्रॉडक्शनला शिफ्ट बघतो, नंदेसरी-रणोली पट्ट्यातच बरीच वर्षं गेली. हे लायचं प्रकरण लोकांना समजतच नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. ॲसिड लागलं की माणूस बोंबलत पळतो, त्यामुळे निदान पाण्याकडे तरी जातो. लाय लागली की आधी नुसतं गुळगुळीत लागतं, साबणासारखं, आणि ते खरंच साबणच असतं, तुमच्या कातडीतल्या चरबीचा बनलेला. ॲसिडने वरचं मांस गोठून एक खपली धरते आणि ती खपली थोडीफार आडवी येते. लाय मांस विरघळवत जाते, आडवं यायला काही उरतच नाही, म्हणून ती आत आत जात राहते आणि दुखणं तासा-दोन तासांनी सुरू होतं. आमच्याकडे टँकरने येते ती साधारण ४८ टक्क्यांची असते, ती थोडा वेळ नळाखाली धरून जात नाही. बुळबुळीत लागायचं थांबलं म्हणजे गेली असंही नाही.

आता पायाचं. हाताला लाल आणि पायाला पांढरं, यात काही आश्चर्य नाही. हात धुतला, पाय बुटात राहिला. ९० टक्के (हा आपला माझा अंदाज, कुठला सर्व्हे नाही) हेल्पर पँट गमबुटात खोचतात कारण चालायला बरं पडतं, मग मांडीवर उडालेलं ओघळून थेट बुटात जातं आणि मोजा ते पूर्ण शिफ्टभर घोट्याला धरून बसतो. पँट नेहमी बुटाच्या बाहेरून पाहिजे. तेच हातमोज्याचं, हात वर करून वरच्या फ्लँजवर (पाइपच्या बोल्टच्या जोडावर) काम असेल तर मोज्याची कड बाहेरून दुमडून घ्यायची म्हणजे ओघळ त्या घडीत अडकतो, बाहीत जात नाही. एवढं साधं असतं पण ट्रेनिंगमध्ये हे सोडून बाकी सगळ्या स्लाइड दाखवतात.

मकरपुरा_फॅब
आमच्या आधीच्या प्लांटमध्ये लाय उडाली की पातळ ॲसिटिक मारायचे, व्हिनेगरसारखं. ॲसिडला खायचा सोडा. न्यूट्रल होऊन जातं ना? शाळेत तेच शिकलो की.

रणोली_शिफ्ट
फरशीवर सांडलं तर ठीक आहे. अंगावर नाही. न्यूट्रल होताना उष्णता निघते, म्हणजे भाजलेल्यावर परत भाजणं, आणि ती बाटली शोधेपर्यंत पाणी लांबतं ते वेगळंच. पाणी फक्त पातळ करत नाही, ओढून वाहून नेतं, म्हणून वाहतं पाणी पाहिजे, बादलीत हात बुडवून बसण्यात अर्थ नाही.

वाडी_ऑपरेटर
मग सल्फ्युरिकचं काय? आम्हाला तर शिकवलं की सल्फ्युरिकवर पाणी टाकायचं नाही, उकळतं. आमच्याकडे एकाला ९८ टक्के लागलं तर दोघं जण फडकं शोधत फिरत होते, नि तो बिचारा उभा.

निवृत्त_बाजवा
हा घोटाळा मी नोकरीला लागलो तेव्हापासून ऐकतोय. ॲसिडमध्ये पाणी ओतायचं नाही, पाण्यात ॲसिड ओतायचं, हा नियम भांड्यासाठी आहे, माणसासाठी नाही. माणसाच्या अंगावर चमचाभर ॲसिड असतं, त्यावर धो धो पाणी पडलं की उष्णताही पाण्याबरोबर निघून जाते. अर्धा मग पाणी टाकाल तर तापेल, म्हणून थोडं टाकायचं नाही, भरपूर टाकायचं आणि लगेच. पाणी आधी नको असं खरंच कशाच्या बाबतीत असेल तर कोरड्या पावडरीच्या, म्हणजे कळीचा चुना किंवा कॉस्टिक फ्लेक्स अंगावर सांडले तर आधी कपड्यांसकट झटकून टाका, मग पाणी. फेनॉलला पाण्याबरोबर पेग ४०० (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) ठेवतात, पण ते मिळेपर्यंत सेफ्टी शॉवर (प्लांटमधला अंग धुवायचा शॉवर) चालू ठेवायचा.

आणि कपडे काढायचे, सगळे, तिथल्या तिथे. इथेच आपले लोक लाजतात. शॉवर रस्त्यावर, समोर ऑफिसातल्या मुली, पँट कशी काढणार? मग माणूस पँटसकट भिजतो आणि पँटच त्याला जाळत राहते. आम्ही शेवटी शॉवरच्या तिन्ही बाजूंनी ताडपत्रीचा पडदा लावून घेतला आणि बाजूला जुने ओव्हरऑल एका पेटीत. खर्च काहीच नाही. पण मॅनेजमेंटच्या मीटिंगमध्ये तो मुद्दा मांडायला माझे केस पांढरे व्हावे लागले.

शियाबागेतली
वाचता वाचता अंगावर काटा आला. माझे मिस्टर पण रणोलीला आहेत. डोळ्यात गेलं तर तेच ना, पाणी?

सिस्टर_रावपुरा
हो, आणि तिथे तर एक सेकंद वाया घालवायचा नाही. लाय डोळ्यात पटकन आत शिरते. पापण्या बोटांनी ताणून उघड्या धरायच्या, माणूस स्वतः उघडू शकत नाही, दुसऱ्याने धरायच्या. लेन्स असेल तर धुता धुता निघाली तर काढायची, तिच्यासाठी थांबायचं नाही. निदान अर्धा तास. मग हॉस्पिटलमध्ये पीएच पेपर (ॲसिड की अल्कली ते रंगावरून दाखवणारा कागद) लावून बघतात, सातच्या आसपास येईपर्यंत आम्ही सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या सोडतो. कंपनीतून पेशंट येतो तेव्हा सोबतचे म्हणतात सिस्टर आम्ही धुतलं, पेपर लावला की निळाजांभळा, म्हणजे लाय अजून आहेच. कातडीचंही तसंच, लाय असेल तर तासभर धुवावं लागतं कधीकधी आणि थांबवल्यावर दहा मिनिटांनी परत पेपर लावायचा, कारण आतली वर येते.

कॉन्ट्रॅक्टर_नाही_मी
एक बाजू मांडतो, रागावू नका. आम्ही गॉगल देतो, फेसशील्ड देतो, एप्रन देतो. घालत नाहीत. मे महिन्यात पीव्हीसी सूट घालून उभं राहायचं म्हणजे आत आंघोळ होते हे मान्य, पण मग लागलं की कंपनीचा दोष?

वाडी_ऑपरेटर
तुमच्या नावावरूनच कळलं 😄 फेसशील्ड देता ती तीन जणांत एक, ओरखडे पडून पडून पलीकडचं दिसत नाही. व्हॉल्व्ह बघायला वर करावीच लागते, आणि नेमकं तेव्हा उडतं. घालत नाहीत की घालून काम होत नाही हे एकदा स्वतः चार्जिंगला (केमिकल भरायला) उभं राहून बघा की.

रणोली_शिफ्ट
दोघांचं थोडं थोडं बरोबर. पण गॉगल-एप्रन शेवटचं आहे, पहिलं नाही. ड्रम उलटा करून होजने लाय काढणंच मुळात का? बॅरल पंप येतो. फ्लँजवर गार्ड येतं, स्प्रे बाहेर उडू देत नाही. पाइपलाइन खोलताना परमिटवर (कामाच्या परवानगीच्या कागदावर) सही होते पण ड्रेन उघडून बघतं कोण, लाइन रिकामी समजून बोल्ट सोडतात आणि आत अडकलेलं प्रेशरने तोंडावर येतं. आमच्याकडे नियम आहे, लांबच्या बाजूचे बोल्ट आधी सैल करायचे, तोंडासमोरचे शेवटी, म्हणजे काही निघालंच तर पलीकडे निघेल. जुन्या फिटरना हे कोणी शिकवावं लागत नाही, नवीन पोरांना ठेकेदार पहिल्याच दिवशी पाना देऊन उभं करतो.

दांडियाबाजारवाला
ॲडमिट केलंय. डॉक्टर म्हणाले पायाचं फुल थिकनेस (कातडीच्या पूर्ण जाडीचं) आहे, आपोआप भरायचं नाही, मेलेली कातडी काढून मांडीची कातडी लावावी लागेल. हाताचं वरवरचं आहे, ते भरेल. सिस्टर ताई, तुमचे उपकार. खरं कारण सांगितलं, एमएलसी झाली. ठेकेदार आता फोन उचलत नाही. कंपनीचा एचआर म्हणतो तो आमचा माणूस नाही. आता ईएसआयचं काय करू?

पीएफवाले_काका
मी आयुष्यभर कंपन्यांचे पीएफ-ईएसआयचे कागद केलेत, म्हणून सांगतो, नीट वाच. तुझ्या भावाचा पगार २१,००० च्या आत आहे आणि कापतात म्हणजे तो कव्हर्ड आहे. कामावर असताना झालेली इजा असेल तर किती दिवस वर्गणी भरली याची अट नाही, पहिल्या दिवशी लागलं तरी हक्क आहे. कामावर परतता येत नाही तोवर पगाराच्या ९० टक्के मिळतात, आणि त्याला दिवसांची मर्यादा नाही, डॉक्टर फिट म्हणेपर्यंत. आता ठेकेदार ‘घरी भाजलं’ का म्हणायला लावतो बघ. घरी भाजलं की ते साधं आजारपण झालं, त्यात ७० टक्के, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस, आणि वर्गणीचे पुरेसे दिवस भरलेले पाहिजेत. आणि मुख्य म्हणजे उद्या घोटा वाकेनासा झाला, मेडिकल बोर्डाने कायमचं अपंगत्व काही टक्के धरलं, तर त्याची आयुष्यभराची मासिक रक्कम फक्त कामावरच्या इजेला आहे. ठेकेदार आज दवाखान्याचे पैसे रोख देऊन हे सगळं विकत घेतोय तुझ्याकडून.

आमचा माणूस नाही हे एचआरचं म्हणणं ईएसआयपुढे चालत नाही. ठेकेदाराने नाही भरलं तर मूळ मालकाने भरायचं आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायचं, असं कायद्यातच आहे. कंपनीने ॲक्सिडेंट रिपोर्ट ऑनलाइन भरायचा असतो. नाही भरला तर तू स्वतः लेखी अर्ज ब्रँच ऑफिसला दे, सोबत एमएलसीची कॉपी, केसपेपर, त्या रात्रीची हजेरी किंवा गेटपासचा फोटो. अर्जाची एक प्रत त्यांचा शिक्का मारून घरी ठेव. तोंडी कोणाला काही सांगत बसू नकोस.

कॉन्ट्रॅक्टर_नाही_मी
काका, एक रिपोर्ट गेला की फॅक्टरी इन्स्पेक्टर येतो, गेटवरच्या बोर्डवर ‘अपघाताविना इतके दिवस’ परत शून्य होतं, पुढच्या टेंडरला तेच बघतात. लपवायला आम्हाला हौस नाही, बोर्ड लपवायला लावतो.

पीएफवाले_काका
हे मात्र खरं लिहिलंत. त्या गेटवरच्या बोर्डापायी बक्षीस मिळालेली भिंतीवरची घड्याळं कितीतरी घरांत बघितली मी.

निवृत्त_बाजवा
भोपाळ १९८४ ला झालं, त्यानंतर १९८७ साली फॅक्टरी ॲक्टमध्ये धोकादायक प्रक्रियांचं वेगळं प्रकरण घातलं गेलं. कामगाराला आपण काय हाताळतोय ते कळलं पाहिजे, आणि जिवाला धोका वाटला तर त्याने लगेच सांगावं आणि मालकाने ते ऐकून घ्यावं, हे तेव्हाच कागदावर आलं. तेव्हा आम्ही तरुण होतो, ते बाड वाचून दाखवायचो कँटीनमध्ये. आता कॅलेंडरसारखं भिंतीवर इंग्रजीत लावतात, हेल्पर पंचमहालचा नाहीतर बिहारचा.

पण मला खरं लिहायचंय ते सेफ्टी शॉवरबद्दल, कारण या सगळ्या धाग्यात पाणी पाणी चाललंय आणि पाणी कसं आहे ते कोणी विचारत नाही. अमेरिकेचं जे स्टँडर्ड सगळे धरतात त्यात शॉवरला मिनिटाला साधारण ७५ लिटर आणि सलग १५ मिनिटं असं आहे. म्हणजे ११०० लिटरच्या वर पाणी, एका माणसाला. आता छोट्या युनिटमध्ये जाऊन वर बघा, ५०० लिटरची काळी टाकी. पावणेसात मिनिटांत खलास. आणि दुसरं, पाणी १६ ते ३८ डिग्रीच्या मध्ये पाहिजे. बडोद्याच्या मे महिन्यात, ४३-४४ डिग्रीला, गच्चीवरची काळी टाकी आणि उन्हात तापलेली जीआय (लोखंडी पाइपची) लाइन, दुपारी दोनला तो शॉवर ओढून बघा. हात धरवत नाही. भाजलेला माणूस त्याखाली एक मिनिटही थांबत नाही, बाहेर उडी मारतो, आणि रिपोर्टात लिहितात की कामगाराने पुरेसे धुतले नाही.

रणोली_शिफ्ट
बाप रे, हे खरंय. आम्ही दर आठवड्याला टेस्ट करतो पण सकाळी आठला, तेव्हा गार असतं! उद्यापासून दुपारी करायला सांगतो. लाइनला इन्सुलेशन करता येईल ना काका?

निवृत्त_बाजवा
लाइनला इन्सुलेशन, टाकीवर शेड, आणि शक्य असेल तर लाइन जमिनीखालून. उन्हाळ्यात शिफ्टच्या सुरुवातीला आणि जेवणानंतर साचलेलं गरम पाणी सोडून द्यायचं. पाणी वाया जातं म्हणून युटिलिटीवाला ओरडेल, ओरडू द्या. अजून एक, शॉवरखाली ड्रेन पाहिजे. ड्रेन नसेल तर ११०० लिटर एमसीसी रूमकडे (मोटरींच्या इलेक्ट्रिक पॅनेलच्या खोलीकडे) जातं, म्हणून इलेक्ट्रिकलवाले गुपचूप व्हॉल्व्ह बंद करून ठेवतात. मी दोनदा पकडलेत.

मकरपुरा_फॅब
माझा प्रश्न थोडा वेगळा, धागा भरकटवतोय वाटलं तर सांगा. आम्ही केमिकलवाले नाही, मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) एसएसचं, म्हणजे स्टेनलेस स्टीलचं फॅब्रिकेशन करतो. वेल्डिंगचा काळा-निळा डाग काढायला ती पांढरी पिकलिंग पेस्ट येते ना, ब्रशने लावायची. एक पोरगा साध्या दवाखान्यातल्या हातमोज्यांनी लावतो, मोजा फाटका होता. संध्याकाळी काही नाही, रात्री बोटांच्या टोकांत एवढं दुखलं की रडत होता, पण दिसायला काहीच नाही, जरा गुलाबी. डॉक्टरने पेनकिलर दिली. हे काय असतं?

सिस्टर_रावपुरा
डब्यावर बघा, त्यात नायट्रिकबरोबर हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं, एचएफ. हे सगळ्यात फसवं. कमी टक्क्याचं असेल तर दुखणं कित्येक तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी येतं आणि दिसत काही नाही. त्यातलं फ्लोराइड आत जाऊन शरीरातलं कॅल्शियम धरतं, हाडापर्यंत जातं. बोटाच्या टोकाला लागलं तर बोटावर निभावतं, पण स्ट्राँग एचएफ तळहाताएवढ्या जागेवर लागलं तर रक्तातलं कॅल्शियम पडून हृदयाचे ठोके बिघडतात, माणूस जाऊ शकतो. त्यामुळे पेनकिलर देऊन झोपवायचं नाही, दुखणं हेच आमचं मीटर असतं. पाण्याने धुवायचं आणि लगेच कॅल्शियम ग्लुकोनेटचं अडीच टक्के जेल, स्वच्छ मोजा घालून चोळत राहायचं, दुखायचं थांबेपर्यंत, परत दुखलं की परत. नखाखाली गेलं असेल तर जेल पोचत नाही, हॉस्पिटललाच न्या आणि ‘एचएफ’ हा शब्द स्वतः तोंडाने सांगा, कारण ‘पेस्ट लागली’ म्हटलं तर कोणाला कळणार नाही.

मकरपुरा_फॅब
देवा. आमच्या लाइनीतल्या बहुतेक शेडमध्ये हा डबा आहे, आणि कोणाला ॲसिड आहे एवढंच माहीत. पोराला आत्ता फोन केला, दुखणं अजून आहे म्हणतो, घेऊन येतोय. हे जेल मेडिकलवर मिळतं का?

सिस्टर_रावपुरा
साध्या मेडिकलवर बहुतेक नाही मिळायचं, शोधत फिरू नका, सरळ या. हॉस्पिटलमध्ये नसेल तर पाण्यात विरघळणाऱ्या शंभर मिली जेलीत अडीच ग्रॅम कॅल्शियम ग्लुकोनेट घालून तयार करतात. शेडसाठी मात्र तयार ट्यूब घेऊनच ठेवा.

दांडियाबाजारवाला
अपडेट. ग्राफ्ट लागलं. डॉक्टर म्हणतात घेतलंय चांगलं. मांडीची जखम पायापेक्षा जास्त दुखते म्हणतो. काकांनी सांगितला तसा अर्ज शिक्का मारून घेतला, दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस स्वतःहून ॲक्सिडेंट रिपोर्टची कॉपी घेऊन वॉर्डात हजर. आता घोट्याला स्प्लिंट (आधाराची पट्टी) आहे, किती दिवस ठेवायचं?

सिस्टर_रावपुरा
मांडीचं दुखणारच, तिथल्या नसा शाबूत आहेत ना. स्प्लिंट फिजिओ सांगेल तोवर, पाऊल काटकोनात राहिलं पाहिजे, नाहीतर आखडतं आणि टाच टेकत नाही. पुढे घट्ट प्रेशर गारमेंट देतील, आंघोळ सोडून दिवसरात्र, वर्षभर घालायचं असतं. गरम होतं, खाज येते, म्हणून सगळे तिसऱ्या महिन्यात सोडतात. सोडू देऊ नका. उन्हापासून जपा आणि खोबरेल तेलाने हलकं मालिश, तेही डॉक्टरांनी हो म्हटल्यावर.

वाडी_ऑपरेटर
ते एचएफचं जेल शेडमध्ये ठेवायचं तर विकत कुठे? आमच्या इथे पण टँक फॅब्रिकेशनवाले येतात शटडाउनला (दुरुस्तीसाठी प्लांट बंद असतो तेव्हा), तीच पेस्ट घेऊन.

रणोली_शिफ्ट
पेस्ट ज्या डीलरकडून घेतात त्याच्याकडेच मागायचं, नसेल तर सेफ्टीचं सामान विकणारे मागवून देतात. सोबत पेस्टची एसडीएस (केमिकलच्या सुरक्षेची माहितीपत्रिका) माग, त्यात चार नंबरचा सेक्शन फर्स्ट एडचा आणि आठ नंबरचा मोजे कुठले घालायचे त्याचा, तेवढी दोन पानं मराठी-गुजराती-हिंदीत कोणाकडून तरी लिहून घे. ट्यूबवर एक्सपायरी असते, ती तारीख शटडाउनच्या चेकलिस्टमध्ये टाक. आणि ट्यूब सेफ्टी ऑफिसरच्या कपाटात ठेवू नकोस, चावी त्याच्या खिशात असते आणि तो रात्री घरी असतो.